मुनिसुव्रत स्वामींचे लांछन आणि आपला कचरा



मागच्या महिन्यात आमच्या मंडळाची सहल केळव्याच्या समुद्रावर गेली होती. पाणी उकळलेले, जेवणात कंदमूळ नाही, सूर्यास्ताआधी जेवून चौविहाराचे पच्चक्खाणही झाले. आणि उठलो तेव्हा वाळूत काय? प्लास्टिकचे ग्लास, चमचे, वेफर्सची पाकिटे. मी बोलले तर उत्तर मिळाले, "अगं, सकाळी झाडूवाले येतात."

मुनिसुव्रत स्वामींचे लांछन कासव. देरासरात त्या प्रतिमेपुढे आपण हात जोडतो. खरे कासव, ऑलिव्ह रिडले, थंडीच्या दिवसांत कोकणच्या वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या गावकऱ्यांनी सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर २००२ पासून ही अंडी राखली, पिल्ले समुद्रात सोडली. कांदा-लसूण खाणाऱ्या गावाने पंचेंद्रिय जीव वाचवले. आपल्या पालघर जिल्ह्यात मात्र डहाणूच्या उपचार केंद्रात जाळ्यांत अडकून जखमी झालेली कासवे येतात. पाण्यात तरंगणारी पिशवी तर कासवाला जेलीफिश वाटते, ते ती गिळते.

पाच समित्यांतली शेवटची कोणती? पारिष्ठापनिका. टाकायची वस्तू जीव नसलेल्या जागी, पाहून, जयणेने टाकायची. "ती साधूंसाठी" म्हणून सुटू नका. पौषधात आपणही ती पाळतोच ना? मग पौषध पारल्यावर ती संपते का?

आता थोडे कडू बोलते. तारापूर एमआयडीसीत आपल्या कितीतरी घरांचे कारखाने आहेत. आमच्या घरातही पैसा तिथूनच येतो. तिथले सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली आणि २०२२ मध्ये लवादाने तिथल्या कारखान्यांवर भरपाई बसवली. समुद्रातल्या जीवांसाठी आधी आपण बोलायला हवे होते. बोलले कोण, तर ज्यांना आपण हिंसक म्हणतो ते मासेमार!

पाणी गाळताना गरणे नीट धरतो, जिवाणी परत विहिरीत सोडतो, आणि कारखान्याच्या पाइपाकडे बघतही नाही. याला जीवदया कशी म्हणायची?

म्हणून पांजरापोळाची पावती फाडण्याआधी आज घरात एवढे विचारा: आपल्या युनिटचे पाणी कुठे जाते, शुद्ध होऊन जाते का? पुरुष म्हणतील, "धंद्यातले तुला काय कळते?" तरी विचारा. त्या पैशाचे जेवण आपणच रांधतो. आणि समुद्रावर जाल तेव्हा स्टीलची भांडी न्या, कचरा घरी परत आणा.

कुणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडं.