दुरुस्त झालेल्या बसचा पूर्वेतिहास प्रवाशाला कळायला हवा

रास अल खैमात जुनी मोटार घेणारा सावध माणूस सौदा पक्का करण्याआधी चासी नंबर मागून घेतो. अमिरातीच्या गृहमंत्रालयाच्या किंवा ‘एमिरेट्स व्हेइकल गेट’च्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की त्या गाडीचे नोंदवलेले अपघात समोर येतात, तेही फुकट. स्वतःचे पैसे गुंतवणाऱ्याला दिलेले हे संरक्षण योग्यच आहे. पण त्याच शहरातून पहाटे कामगार वस्त्यांमधल्या बस निघतात, सिरॅमिक आणि सिमेंटच्या कारखान्यांकडे, चुनखडीच्या खाणींकडे जातात. त्यांत बसणाऱ्या माणसाला हे संरक्षण नाही. त्याच्याकडे चासी नंबर नसतो आणि दुसरी बस निवडण्याची मुभाही नसते. अपघातात सापडलेली किंवा आगीची झळ बसलेली बस पुन्हा प्रवासी घेऊन धावणार असेल, तर तसे ठरवण्याचा अधिकार मालक, विमा कंपनी आणि गॅरेज या तिघांपुरता राहू नये. त्रयस्थ तपासणी व्हावी आणि तिची नोंद प्रवाशाला सहज पाहता यावी, असे माझे म्हणणे आहे.

जळलेली बस दुरुस्त होते का, याचे उत्तर ती किती जळली यावर अवलंबून आहे. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. अशा आगीनंतर नुसता सांगाडा उरतो. त्याचे भंगारच होते, त्याविषयी वाद नाही. खरा प्रश्न अर्धवट जळालेल्या बसचा आहे. इंजिनाच्या कप्प्यात आग लागली, चालकाने वेळीच गाडी थांबवली, पावडर मारून ती विझवली, कुणाला इजा झाली नाही. पत्राकाम आणि रंगकाम झाले की अशी बस नव्यासारखी दिसते. मात्र उष्णतेने केलेले नुकसान रंगाखाली राहते. साधे पोलाद साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावते आणि थंड झाल्यावर बरीचशी परत मिळवते. पाणी देऊन कडक केलेले पाटे आणि बोल्ट यांचे तसे नाही. त्यांचे उतरलेले पाणी आपोआप परत चढत नाही. ब्रेकची हवा वाहून नेणारी नायलॉनची नळी दोनशे अंशांच्या आतच वितळू लागते. वायरींवरचे पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो, ओल मिळताच त्याचे आम्ल होते आणि आगीपासून चार हात लांब असलेल्या जोडण्यांतले तांबेही ते महिनोन्‌महिने खात राहते. आग विझवणारी पावडर दमट हवेत हेच काम करते, आणि रास अल खैमाच्या किनाऱ्यावरची उन्हाळ्यातली हवा किती दमट असते हे तिथे राहिलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. म्हणजे एका आगीच्या दुरुस्तीतच पुढच्या शॉर्टसर्किटचे बी राहू शकते. ते शोधायचे तर वायरिंगचा जुडगा पूर्ण उतरवावा लागतो आणि बोल्ट बदलावे लागतात. दिसण्यात काही फरक न पडणाऱ्या या कामावरच सर्वात आधी काटकसर होते.

मग निर्णय कोण घेतो? अमिरातीत पोलिसांचा अहवाल असल्याशिवाय गॅरेजने अपघाती गाडीला हात लावायचा नाही, हा नियम फार चांगला आहे. त्यामुळे निदान अपघाताची नोंद तरी राहते. त्यानंतर मात्र सूत्रे विम्याकडे जातात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ५० टक्क्यांपुढे गेला तर अमिरातीत ती ‘टोटल लॉस’ धरतात. भारतात हीच रेषा विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर आहे. या दोन्ही रेषा पैशाच्या आहेत. बस जुनी असेल तर थोड्या नुकसानीनेही ती रेषेपलीकडे जाते; नवी आणि महाग असेल तर चासीपर्यंत मार बसूनही अलीकडे राहते. सर्व्हेअर नुकसानभरपाईचा आकडा ठरवतो आणि ते काम तो चोख करतही असेल, पण ही बस पन्नास माणसांना घेऊन घाट उतरेल का, हे त्याला विचारलेलेच नसते. भारतातल्या मोटार वाहन कायद्यात कलमे आहेत. कलम ५५प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर ते कळवून नोंदणीपुस्तक जमा करायचे. कलम १३६ने अपघातग्रस्त गाडी तपासण्याचा अधिकार दिला आहे, कलम ५६ने योग्यता प्रमाणपत्र रद्द करण्याचा. परंतु १३६ची तपासणी होते ती दुरुस्तीपूर्वी, ब्रेक निकामी होते का एवढे पोलिसांना सांगण्यासाठी. दुरुस्तीनंतर बस कशी झाली, हा वेगळाच प्रश्न आहे. आठ वर्षांच्या आतल्या बसचे पासिंग दोन वर्षांतून एकदा होते. कालच पासिंग झाले आणि आज अपघात झाला, तरी कागदावर ती बस पुढची दोन वर्षे ठणठणीत असते.

अपघात माणसांच्या चुकीने होतात, बसच्या नव्हे, असा आक्षेप यावर हमखास येतो. त्यात तथ्य आहे. ६ जून २०१९ रोजी मस्कतहून दुबईला आलेली बस, बसना मनाई असलेल्या रस्त्यावर शिरून उंचीच्या अडथळ्यावर आदळली. १७ जण गेले, त्यांत १२ भारतीय. तिथे यंत्राला दोष देता येणार नाही. पण २४ नोव्हेंबर २०२४ला खोरफक्कानजवळ, सुट्टीचा दिवस संपवून परतणाऱ्या कामगारांची बस उलटून ९ जण मरण पावले आणि ७३ जखमी झाले, तेव्हा पोलिसांनी कारण सांगितले ते ब्रेक निकामी झाल्याचे. २००५मध्ये टेक्सासात रिटा वादळापासून वृद्धांना दूर नेणारी बस विल्मर गावाजवळ पेटली, २३ जण गेले. तपासात मूळ सापडले मागच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये, तिथे पुरेसे वंगण नव्हते. चालकाची चूक आणि गाडीचा दोष यांतून एकच निवडण्याची सक्ती आपल्यावर कुणी केलेली नाही. शिवाय चूक चालकाची असली तरी त्यानंतर किती माणसे बाहेर पडतील हे दार उघडते का आणि संकटकालीन खिडकी खरोखर सुटते का यावर ठरते. दुरुस्तीत चौकट किंचित वाकडी बसली, तर नेमके हेच अडते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. एक-दोन बसवर घर चालवणाऱ्या मालकाचे हप्ते बस गॅरेजमध्ये असतानाही थांबत नाहीत. त्याला प्रत्येक दिवस महाग पडतो. म्हणूनच जळालेली प्रत्येक बस मोडीत काढा, असे मी म्हणत नाही. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत जुन्या चासीवर नवा सांगाडा चढवून बस पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम वर्षानुवर्षे होत आले आहे. नीट पद्धतीने केलेली दुरुस्ती भरवशाची असते, आणि प्रामाणिक मालकाचे नुकसान होते ते चांगली आणि वरवरची दुरुस्ती बाहेरून सारखीच दिसते म्हणून. तपासणीचा शिक्का त्याच्या खर्चाला किंमत मिळवून देईल. तपासणीला ठरावीक दिवसांची मुदत घालावी आणि तिचे शुल्क विम्याच्या दाव्यात धरावे, म्हणजे लहान मालकाचा मुख्य अडसर दूर होतो.

यातले काही नव्याने शोधायचे नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७पासून विमा कंपन्या निकामी ठरवलेल्या गाड्यांची चार गटांत विभागणी करतात, ती पैशावरून नव्हे तर नुकसान कुठे झाले यावरून: काही गाड्या सुट्या भागांसकट चिरडायच्या, काहींचे भाग वापरता येतात पण सांगाडा चिरडायचा, आणि दुरुस्त होऊ शकणाऱ्यांत सांगाड्याला मार बसलेल्या व न बसलेल्या वेगळ्या. ही नोंद सीमेपलीकडेही जायला हवी. रास अल खैमाहून ऑक्टोबर २०२३पासून ओमानमधल्या खसबला नियमित बस जाते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५मध्ये कर्नूलजवळ जळालेली बस हैदराबाद-बंगळुरू धावत होती आणि तिच्यावर नंबर होता दमण-दीवचा. बस एका राज्यात धावते, दुसऱ्या राज्यात नोंदलेली असते आणि तिसऱ्या राज्यात विकली जाते. तिच्या दुखापतींचा कागद मात्र पहिल्याच पोलीस ठाण्यात पडून राहतो.

रास अल खैमात सुरुवात कायद्याशिवायही करता येईल. कामगारांसाठी बस भाड्याने घेणारी कंपनी कंत्राटात एक कलम घालू शकते: प्रत्येक बसचा अपघाताचा उतारा आणि दुरुस्तीनंतरच्या तपासणीचा दाखला दिल्याशिवाय ती बस लावायची नाही. उतारा काढण्याची सोय सरकारने आधीच केली आहे. महाराष्ट्रात ट्रॅव्हल्सचा नंबर एम-परिवहनवर टाकला की पासिंग आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसते, अपघात दिसत नाही. तिथे आणखी एक ओळ हवी: मोठा अपघात किंवा आग कधी, आणि त्यानंतरची तपासणी कोणत्या तारखेला.