किल्लीच्या मागची बाजू

भाताची लावणी सुरू झाली की भोर-वेल्ह्यातल्या गॅरेजांत जुन्या जिपा उगवतात. एरवी गोठ्याच्या कडेला ताडपत्री पांघरून उभी असलेली गाडी चिखल झाला की मालकाला आठवते. रोपांच्या जुड्या, खताची पोती आणि दहा-बारा माणसं एका फेरीत बांधापर्यंत न्यायची तर दुसरं काही चालत नाही. यंदा अशीच एक माझ्यासमोर आली. बॉडी आणि चेसिस सीजे ३बीची, इंजिन कॉन्टेसातून उतरवलेलं १८०० सीसीचं इसुझू, आणि अल्टरनेटर कुठल्या गाडीचा ते मालकालाही सांगता येईना. अमेरिकेत १९३२ च्या फोर्डला मोठं इंजिन बसवलं की तिला हॉट रॉड म्हणतात आणि लोक तिकीट काढून बघायला जातात. आपल्याकडे त्याला जुगाड म्हणायची पद्धत आहे. वायरिंग करणाऱ्याला दोन्हींत काडीचा फरक नाही. तीन गाड्यांचे अवयव एकत्र आले की कुठल्याही एका गाडीचा वायरिंगचा नकाशा कामाला येत नाही.

मालकाची तक्रार त्याच्याच शब्दांत: "मामा, सेल्फ मारतोय तवर काय न्हाय. किल्ली सोडली की एक फटका देती. कवा उचलती, कवा न्हाय." त्याने बॅटरी बदलली होती, प्लग बदलले होते, कार्बोरेटर दोनदा उघडून घेतला होता. इग्निशन स्विच तर चार महिन्यांपूर्वीच नवा टाकलाय, हेही त्याने सांगितलं, म्हणजे तिकडे बघायचं कारण नाही अशा सुरात.

मी टेस्ट लॅम्प कॉइलच्या प्लसला लावला आणि किल्ली फिरवली. ऑनवर दिवा लागला. सेल्फवर नेली तसा दिवा विझला. मंद झाला असता तर एक वेळ समजलो असतो, सेल्फ फिरताना बॅटरी खाली येतेच. हा पूर्ण विझला. किल्ली सोडली, पुन्हा लागला. म्हणजे इंजिन फिरत असताना कॉइलला करंटच नव्हता. हात सुटल्यावर, फ्लायव्हील थांबायच्या आत जी एखादी ठिणगी पडायची तिच्यावर ही गाडी चार महिने चालली होती.

स्विच खराब नव्हता हे मुद्दाम सांगतो. तो ज्या गाडीसाठी बनला तिच्यात बिनतक्रार चालला असता. काही गाड्यांत कॉइलच्या वाटेवर रेझिस्टर असतो. इंजिन चालू असताना कॉइलला सात ते नऊ व्होल्ट पुरतात. सेल्फ मारताना बॅटरी दहाच्या आसपास घसरते, म्हणून तेवढ्या वेळापुरता रेझिस्टर बाजूला ठेवून कॉइलला थेट करंट देतात. हा थेट करंट कोणी स्विचच्या वेगळ्या टर्मिनलवरून देतं, कोणी सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या जादा टर्मिनलवरून. सोलेनॉइडवरून मिळणार हे धरूनच काही स्विच असे बनवलेले असतात की सेल्फच्या जागी गेल्यावर त्यांचं इग्निशनचं टर्मिनल मरतं. आपल्या जीपच्या सोलेनॉइडला ते जादा टर्मिनल नव्हतंच. पुढून बघाल तर जुना स्विच आणि हा नवा स्विच जुळे भाऊ: तोच व्यास, तीच आटी, तीच क्रोमची रिंग.

यावर एक घरगुती इलाज सर्रास केला जातो आणि त्याची मला धास्ती वाटते. स्विचच्या सेल्फच्या टर्मिनलवरून एक वायर उचलायची आणि कॉइलच्या प्लसला मारायची. गाडी लगेच उचलते, गिऱ्हाईक खूश होतं. पण तीच वायर उलटीही वाहते. इंजिन चालू झाल्यावर कॉइलकडचा करंट तिच्यातून मागे सोलेनॉइडकडे जातो, आणि चालत्या इंजिनात सेल्फचं पिनियन अडकून राहू शकतं. मग रिंगचे दात गेले म्हणून गाडी पुन्हा तुमच्याकडे, आणि दोष सेल्फवाल्याला. अशी वायर टाकायचीच असेल तर मध्ये डायोड हवा किंवा वेगळा रिले. सरळ मार्ग असा, की ऑन आणि सेल्फ या दोन्ही जागी इग्निशन जिवंत ठेवणारा स्विच घ्यायचा. मी तेच केलं.

म्हणून पुण्यात नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात स्विच घ्यायला जाल तेव्हा मल्टिमीटर खिशात ठेवा. काउंटरवर किल्ली एकेका जागी नेऊन कुठलं टर्मिनल कुठल्याशी जोडलं जातंय ते मोजा. पाच मिनिटं लागतात. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. जर्मन पद्धतीच्या स्विचवर ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, ५० म्हणजे सेल्फ. अमेरिकी वळणाच्या स्विचवर इंग्रजी अक्षरं असतात. हलक्या मालावर काहीच लिहिलेलं नसतं, आणि असलं तरी मोजल्याशिवाय मी मानत नाही.

इग्निशन आणि सेल्फ असा दोन्हींचा बोजा किल्लीवर आला तो तसा नंतरच. विलीज जीपला सेल्फचा स्विच पायाशी होता, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या पुढच्या काळातल्या जिपांना तर किल्लीही नव्हती. दांडी फिरवायची, पायाने सेल्फ दाबायचा, निघायचं. लढाईत किल्ली शोधत कोण बसणार! किल्लीच फिरवून सेल्फ मारायची सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. महिंद्रांनी १९४७ पासून ज्या घराण्याच्या जिपा या देशात आणल्या, त्यांच्या डॅशवरच्या स्विचला मुळात फारसं काम नव्हतं. आज आपण त्याच भोकात नवा स्विच बसवतो आणि त्याच्या डोक्यावर अख्खं घर ठेवतो.

ते घर किती जड असतं याचा हिशेब करा. हेडलाइटला दोन शंभर वॅटचे बल्ब घातलेत. (घालू नयेत, पण घालतात.) दोनशे वॅट म्हणजे बारा व्होल्टला सोळा-सतरा अँपियर. हॉर्न, वायपर, बंपरवरची एलईडीची पट्टी वेगळी. हे सगळं स्विचच्या एकाच पितळी पत्र्यातून जातं. त्या संपर्कात फक्त अर्धा व्होल्ट पडला, तरी सोळा अँपियरला आठ वॅट उष्णता अंगठ्याएवढ्या बेकलाइटच्या डबीत तयार होते. डाक द्यायच्या छोट्या सोल्डरिंग आयर्नची ताकद पंचवीस वॅट असते, म्हणजे त्याच्या एक तृतीयांश आयर्न डॅशमागे कायम लावून ठेवल्यासारखं झालं. या जीपमधून निघालेला, नव्या स्विचच्या आधीचा मूळ स्विच मालकाने जपून ठेवला होता. तो आता माझ्या टेबलावर आहे. बॅटरीच्या टर्मिनलभोवती बेकलाइट चहाच्या रंगाचं झालंय, थिंबल निळसर पडलंय, वायरचं प्लॅस्टिक बोटभर मागे सरकून आत हिरवी बुरशी चढलेली तार दिसते. नाकाशी धरला तर अजून जळकट वास येतो. तो स्विच किल्लीने मेला नाही, लाइटने मारला.

म्हणून लाइटला रिले, हॉर्नला रिले आणि सेल्फलाही रिले लावा. आजच्या सेल्फचा सोलेनॉइड आत ओढला जाताना क्षणभर तीस-चाळीस अँपियर मागतो. रिलेची कॉइल एक अँपियरही मागत नाही. डिझेल जीप असेल तर हिटर प्लगचा करंट स्विचमधून न्यायचा विचारही करू नका. चार प्लग मिळून चाळीस अँपियरच्या घरात जातात. ज्या पंपावर डिझेल तोडणारा सोलेनॉइड आहे, त्याला ऑन आणि सेल्फ दोन्हीकडे करंट हवा, नाहीतर वरचीच गोष्ट डिझेलमध्ये घडते. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलेल्या पेट्रोल गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही इंजिन चालूच राहतं अशी तक्रार येते, ती बहुतेकदा चार्जिंगच्या दिव्याची वायर दिव्याशिवाय थेट जोडल्यामुळे. तिथे स्विच बदलून काहीही होणार नाही.

आता किल्लीच्या जुडग्याबद्दल. आपल्या भागात गाडीची किल्ली एकटी नसतेच. घराची, गोठ्याची, पंपाच्या पेटीची, वर मांढरदेवीहून आणलेली पितळी घंटा. पाबे घाटाच्या खड्ड्यांतून हे सगळं स्विचला लोंबकळत हेलकावे खातं. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, त्या नेमक्या अशाच कारणाने. किल्लीला जागेवर धरणारी स्प्रिंग आणि खिट्टी कमजोर होती. जड जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का पुरायचा, आणि चालत्या गाडीत किल्ली मागे यायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, एअरबॅग मुकी. कंपनीच्या भरपाई निधीने त्यात १२४ मृत्यू मान्य केले.

आपल्या धंद्यातल्या माणसाने या प्रकरणातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. जॉर्जिया राज्यातल्या एका खटल्यात फिर्यादीच्या बाजूच्या इंजिनिअरने दुकानातून नवा स्विच विकत आणला आणि अपघातातल्या गाडीच्या स्विचशेजारी ठेवला. नव्याची खिट्टी लांब निघाली. कंपनीने मधल्या काळात भाग सुधारला होता, पण त्याचा पार्ट नंबर तोच ठेवला होता. दोन वेगवेगळ्या वस्तू, नंबर एक. खोक्यावरचा नंबर वाचून स्विच देणाऱ्या-घेणाऱ्याने हे विसरू नये. जुना आणि नवा शेजारी ठेवून दोन्हींची टिचकी बोटाला कशी लागते ते बघावं. महिंद्राच्या एमएम ५४० जीपला ऑफ आणि ऑनच्या मध्ये ढिलं वाटणारं काहीही बसवू नये. तिची एअरबॅग जाणार नाही, कारण ती नाहीच, पण वरंध घाटाच्या उतारावर रात्री हेडलाइट गेले तर दरी दोन हातांवर असते.

बसवायच्या जागेबद्दल थोडकंच. वेल्ह्याचा पाऊस उघड्या जीपच्या डॅशवर आडवा येतो. किल्लीचं भोक आकाशाकडे तोंड करून असेल तर आत पाणी साचणार. ते किंचित खाली झुकवा, रबरी टोपण लावा, आणि मागच्या वायरींना टर्मिनलच्या खाली पोट द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी टर्मिनलपर्यंत न जाता पोटाशीच गळून पडेल. कुलूप घट्ट झालं की त्यात इंजिन ऑइल सोडायची सवय मोडा. ऑइल धूळ धरतं, आणि लावणीच्या दिवसांत ती धूळ म्हणजे चिखल. पेन्सिलीच्या शिशाची पूड जास्त दिवस टिकते.

काही वाचक विचारतात की असल्या जोडगाड्यांवर काम करणं कायद्यात बसतं का. स्विच बदलणं म्हणजे दुरुस्तीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो तो मूळ बनावटीतला बदल, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडकपणे वाचलं. इंजिन बदललेल्या गाडीच्या मालकाला काम हातात घेण्याआधीच आरसी मागा. पन्नास वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर चेसिस, बॉडी आणि इंजिनातले मोठे बदल चालत नाहीत. आमच्या इसुझूवाल्या सीजेला त्यामुळे ती वाट बंदच आहे.

ती जीप आता चार टर्मिनलच्या स्विचवर, तीन रिलेंवर आणि डॅशखाली चिकटवलेल्या एका कार्डावर चालते. कार्डावर किल्लीच्या प्रत्येक जागी कुठल्या रंगाची वायर जिवंत होते ते मार्करने लिहिलंय, वरून पारदर्शक चिकटपट्टी. मालकाला मी घंटा काढायला सांगितली होती. त्याने घंटा ठेवली आणि गोठ्याची किल्ली काढली.

असं कार्ड तुमच्याकडून गेलेल्या प्रत्येक जोडगाडीला असावं, म्हणून पुढच्या अंकापासून एक पान राखून ठेवतो आहोत. तुम्ही स्वतः मीटर लावून मोजलेला एखादा स्विच, त्याची मागची बाजू हाताने काढून, प्रत्येक जागी काय काय जोडलं जातं ते लिहून पाठवा. फोटो पुढून काढू नका.