गंजलेली फियाट : दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे, म्हणजे घरातले अण्णा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली असून मधुमेह जुना आहे. इमारतीच्या आवारात त्यांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षे एकाच जागी उभी आहे आणि ती हलवावी अशी सूचना आता सोसायटीने दिली आहे. मुलाचे मत आहे की गाडी भंगारात द्यावी. अण्णांच्या मते इंजिन उत्तम आहे आणि दोन महिन्यांत गाडी रस्त्यावर येईल. हा प्रश्न आरोग्याच्या सदराचा नव्हे याची त्या भगिनींना जाणीव आहे. पण हा विषय निघाला की अण्णा ताटावरून उठतात, म्हणून त्यांनी लिहिले आहे.

ज्या प्रश्नावरून एक हृदयरोगी ताटावरून उठतो तो प्रश्न या सदराचाच आहे, असे मी मानतो. शिवाय हे वाहन मला परके नाही. घरभेटींसाठी मी काही वर्षे पद्मिनीच चालवीत असे. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर हाताला अजून आठवतो.

आपल्या पिढीला या गाडीचा इतिहास सांगण्याची गरज नाही, तरी घरातल्या तरुणांसाठी थोडे लिहितो. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने ‘११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. पुढे तिचे नाव ‘प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नावे बदलली तरी महाराष्ट्राने तिला फियाटच म्हटले. परवाना-राज्याच्या त्या काळात नाव नोंदवून गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. एवढी प्रतीक्षा करून घेतलेली वस्तू ‘भंगार’ या एका शब्दात संपवली तर अण्णांना ते लागणारच.

आता गाडीकडे वळू. अण्णा इंजिनाचा दाखला देतात आणि बहुतेक मालक तोच देतात, परंतु निर्णय इंजिनावर ठरत नाही. १०८९ सीसीचे ते इंजिन साधे आहे. ते उघडता येते आणि त्याचे पुष्कळसे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या जुन्या बाजारात चिकाटीने शोधल्यास मिळतात. अकरा वर्षांत ते जाम झाले असले तरी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने फिरवून पाहावे. अनेकदा ते सुटते. थेट बॅटरी लावून सेल्फ मारणे मात्र टाळावे.

निर्णय ठरतो पत्र्यावर. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली स्वतंत्र सांगाडा असतो आणि त्यावर बॉडी बसवलेली असते. फियाटच्या या गाडीत तसा वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळूनच तिची हाडे बनलेली आहेत. त्यामुळे मडगार्डला पडलेले भोक हा त्वचेचा विकार समजावा, पण दाराखालची पट्टी कुजली असेल तर कणा गेला असे समजावे. रंग उडालेली, वरून भयाण दिसणारी गाडी आतून ठणठणीत असू शकते आणि चकचकीत रंगाखाली काहीच उरलेले नसू शकते. ठाण्याला खाडी जवळ आहे. ओलाव्यात मीठ मिसळले की लोखंड कितीतरी वेगाने गंजते. सोलापूरकडच्या कोरड्या हवेत तेवढीच वर्षे उभी असलेली गाडी अधिक सुस्थितीत आढळते ती यामुळेच.

ही तपासणी कशी करावी हे मला माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका वृद्ध डेंटरने शिकवले. पहिले साधन म्हणजे फडक्यात गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक. तो दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि डिकीचे कोपरे यांवरून फिरवावा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. (ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी हा चुंबक शर्टाच्या खिशात ठेवू नये, छातीपासून वीतभर दूरच धरावा.) नंतर आतली जाजमे उचलावीत. त्यांच्याखाली वर्षानुवर्षे ओल साठलेली असते. तळाच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकावे. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर टोक टेकवून दाबून पाहावे. पुढच्या चाकांचा भार पेलणाऱ्या जागा आणि मागचे पाटे जिथे बॉडीला जोडलेले असतात त्या जागा सर्वांत महत्त्वाच्या. तिथे टोक आरपार गेले तर गाडीविषयी फार आशा धरू नये.

शेवटची चाचणी गॅरेजमध्येच करावी. दारे बंद असताना त्यांच्या भोवतीच्या फटी पाहून ठेवाव्यात. मग गाडी जॅकवर थोडी उचलून त्या फटी पुन्हा पाहाव्यात. फट बदलली, दार अडकू लागले किंवा लागेनासे झाले, तर गाडी मधून वाकते आहे. अशा गाडीवर नवा रंग चढवणारा माणूस आपल्या पैशांचा शत्रू समजावा.

वरवरचा गंज घासून जातो. एखाद-दुसरे भोक नवा पत्रा वेल्ड करून बुजते. तळ आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बदलायच्या असतील तर गाडी कित्येक महिने उघडीवाघडी पडून राहते आणि खर्च तिच्या बाजारभावाच्या पुढे जातो. पद्मिनी दुर्मिळ नाही, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च विक्रीतून वसूल होईल हा हिशेब कोणीही मांडू नये. हा खर्च हौसेचा. तो परवडतो का आणि तो अण्णांच्या औषधपाण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून तर जाणार नाही ना, एवढेच पाहावे. अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि पत्रा उघडल्यावर ते वाढणार हे धरूनच चालावे.

कागदपत्रांचाही विचार करावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी योग्यता तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. अकरा वर्षे उभ्या असलेल्या गाडीची मुदत बहुधा संपलेली असणार. तेव्हा दंडासह किती रक्कम होते हे आरटीओत आधीच विचारावे. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवू असे कोणी सुचवले तर ध्यानात ठेवावे की २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडीला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. चॅसिस क्रमांक कोरलेला भाग शाबूत व वाचता येण्याजोगा आहे ना, हे वेल्डिंगपूर्वी पाहून त्याचे छायाचित्र घ्यावे.

आता पत्रात न लिहिलेल्या गोष्टीविषयी. मुलाचा विरोध गंजाला असेल असे मला वाटत नाही. गाडी चालू झाली तर अण्णा ती चालवतील, ही त्याची भीती असावी. ती भीती रास्त आहे. मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर हे न पाहता कळत नाही. या गाडीच्या ड्रम ब्रेकना पायाचा जोरही अधिक लागतो. परंतु हा प्रश्न गाडीचा नसून गाडी चालवण्याचा आहे. ‘पत्रा कुजला आहे’ असे सांगून तो सोडवता येत नाही. पत्रा चांगला निघाला तर मग काय सांगणार? पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी डॉक्टरांचे नमुना १-अ हे प्रमाणपत्र लागते. तो कागद सही मारून घेण्यासाठी पुढे सरकवू नये. दृष्टी, रात्री समोरच्या दिव्यांनी येणारी अंधारी, मानेची हालचाल, पायांची संवेदना आणि हृदयाची स्थिती या सर्वांची खरी तपासणी करून मागावी. नकार द्यायचा असेल तर तो डॉक्टरांनी द्यावा. मुलाने तो द्यावा असे मला वाटत नाही. बापलेकांना अजून एकाच घरात राहायचे आहे.

गाडी दुरुस्त व्हावी, मात्र ती मुलाने किंवा नातवाने चालवावी आणि अण्णांनी शेजारी बसावे, अशी तडजोड मी घरोघरी सुचवतो. ती पुष्कळदा मान्य होते. अट एकच : सीट बेल्ट बसवून घ्यावेत.

दुरुस्ती ठरली तर अण्णांना कामात सहभाग द्यावा, पण काही पथ्ये पाळावीत. बायपासनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पत्र्याची साधी चीरही बराच वेळ वाहते, म्हणून जाड हातमोजे आणि बंद बूट हवेत. धनुर्वात गंजातून होतो हा समज अपुरा आहे. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात आणि गंजक्या पत्र्याच्या खोल जखमेतून आत जातात. दहा वर्षांत लस घेतली नसेल तर काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, त्यामुळे कोरडे घासू नये. पाणी लावून, नातवंडांपासून दूर आणि मास्क बांधून घासावे. त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरात ॲसबेस्टॉस असे. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. फवारणीचा रंग घरी मारू नये, कारण त्यातील हार्डनरमुळे दमा बळावतो.

सर्वांत मोठा धोका मात्र दिसत नाही. सडलेला सायलेन्सर आणि भोके पडलेला तळ एकत्र आले की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते आणि हृदयरोग्याला त्याच्या थोड्या मात्रेनेही छातीत दुखू शकते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करून बसणे कधीही नको. पेट्रोलच्या नळ्याही बदलाव्यात, कारण आजचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, अण्णांनी तर नाहीच.

तपासणीत निकाल मध्यम आला तर आणखी एक मार्ग आहे आणि तो कोणी फारसा सुचवत नाही : दुरुस्तीही नको, भंगारही नको, फक्त गंज थांबवावा. जाजमे काढून टाकावीत, चाकांच्या कमानींतला चिखल धुवावा, गाडी उन्हात पूर्ण वाळवावी आणि तळाला गंजरोधक लेप द्यावा. टाकीतले जुने पेट्रोल गॅरेजवाल्याकडून काढून घ्यावे. प्लॅस्टिकची ताडपत्री न घालता हवा खेळेल असे कापडी आच्छादन घालावे, कारण ताडपत्रीखाली साठलेली वाफ पावसाइतकीच वाईट. सोसायटीला जागा हवी असेल तर गावाकडच्या घरी छपराखाली गाडी ठेवता येईल. एक-दोन वर्षे अशी गेली तर निर्णय कोणाच्याही डोक्यावर लादल्यासारखा होत नाही. माझा कल, पत्रा पूर्ण गेलेला नसेल तर, याच मार्गाकडे आहे.

आणि पाट्यांच्या जागाच गेल्या असतील तर अण्णांना गॅरेजमध्ये नेऊन ते त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. बसायला स्टूल असावे आणि सांगणारा डेंटर असावा. मुलाने त्या वेळी गप्प राहावे. त्यानंतर गाडी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला द्यावी, त्यांचे ठेव प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यावी. तसे न केल्यास कागदोपत्री मालक अण्णाच राहतात. केंद्रात पाठवण्यापूर्वी गाडीतले काय काढून ठेवायचे हे अण्णांनाच विचारावे. हॉर्न, घड्याळ किंवा स्टीअरिंगचे चाक सुटे करायला डेंटरला फार वेळ लागत नाही.