स्किन कलरचा खडू



मार्च संपत आला की आमच्या मंडळीत दोन याद्या होतात. रायापूरच्या उन्हाळी वर्गाला कोण कोण जाणार याची एक, आणि बरोबर काय काय न्यायचे याची दुसरी. पहिली यादी दरवर्षी आखूड होते, दुसरी लांबत जाते. यंदा दुसऱ्या यादीत खडूंचे चाळीस डबे आहेत आणि रंगवायच्या चित्रांच्या झेरॉक्सचा एक गठ्ठा आहे: नोहाचे तारू, उत्तम मेंढपाळ, पाच भाकरी आणि दोन मासे. हा गठ्ठा नेऊ नये असे आम्ही सभेत म्हटले तेव्हा थोडी कुरबुर झाली. एवढ्या प्रेमाने कुणी झेरॉक्स काढून आणल्या आणि तुम्ही नको म्हणता? कारण लिहून देऊ, असे तेव्हा कबूल केले होते. ते हे.

ज्यांनी रायापूर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. हुबळी आणि धारवाड ही जोडशहरे, मध्ये वीसेक किलोमीटरचा रस्ता. त्या रस्त्यावर रायापूर लागते. आम्ही बेळगावहून बसने धारवाडला उतरतो आणि तिथून ‘चिगरी’ पकडतो. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये हरीण. स्वतःच्या वेगळ्या मार्गिकेतून धावणाऱ्या या बसला नाव अगदी शोभते. रायापूर पुष्कळांना ठाऊक आहे ते तिथल्या अक्षयपात्रच्या प्रचंड स्वयंपाकघरामुळे, जिथून शाळाशाळांत दुपारचे जेवण जाते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळांना सुट्टी लागते, ती थेट मेअखेरपर्यंत. आईवडील कामावर जातात आणि मुले दिवसभर रस्त्यावर असतात. आमचा वर्ग या मुलांसाठी. त्यातली ख्रिस्ती थोडी, बाकीची शेजारपाजारची. सगळी कन्नड बोलणारी.

आमचे कन्नड बेळगावकराचे, म्हणजे बाजारापुरते. चित्रकलेच्या वर्गात मात्र ते पुरून उरले. ‘चित्र’ दोन्हीकडे चित्रच. पिवळ्याला कन्नडमध्ये ‘हळदी’ म्हणतात हे कळले तेव्हा मुलांपेक्षा आम्हालाच जास्त गंमत वाटली. केंपु, हसिरु, कप्पु एवढे आले की निम्मा वर्ग चालतो. उरलेला निम्मा मुले चालवतात.

उन्हाचे मात्र कुणी आम्हाला नीट सांगितले नव्हते. धारवाड बेळगावसारखेच उंचावर, तिथे काय ऊन असणार, अशा भ्रमात आम्ही गेलो. एका विश्वासणाऱ्या घराने पत्र्याची खोली दिली होती. दहा वाजता तो पत्रा असा तापला की मेणाचे खडू हातात वाकू लागले. पाण्याचा रंग कागदावर पसरायच्या आत वाळायचा. आकाश रंगवायला घ्यावे तर त्यात पट्ट्यापट्ट्या उठायच्या. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना आठवत असेल, सपाट रंग देण्यावर केवढा भर असे! इथे त्या विद्येचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही साडेसातला बसू लागलो आणि दहाला उठू लागलो. बसायचे ते खोलीत नव्हे, कडुनिंबाखाली. पाण्याचा माठ सावलीत, कागदांवर दगड, कारण वाऱ्याची वावटळ कधी येईल सांगता येत नाही. जाणाऱ्यांनी हे लिहून घ्यावे. सुती टोपी आणि घोटभर पाणी या गोष्टी खडूंच्या डब्याइतक्याच गरजेच्या आहेत.

आता मुख्य गोष्ट.

तिसऱ्या दिवसाचा पाठ होता, नासरेथातले येशूचे घर. प्रभू सुताराच्या घरी वाढला, त्याने स्वतः हाताने काम केले, हे आम्ही सांगितले. मग नेहमीप्रमाणे झेरॉक्स वाटल्या. रंधा मारणारा तरुण येशू, बाजूला योसेफ. मुले रंगवू लागली. सात-आठ वर्षांच्या एका मुलीने येशूचा चेहरा आणि हात गडद तपकिरी रंगवले, वरून थोडा काळा घासला. आमच्यातल्या एकाने तिच्या डब्यातून फिकट गुलाबी खडू काढला, ज्याच्या कागदावर ‘स्किन’ असे छापलेले असते, आणि तिच्या हातात दिला. “येशूचा रंग असा नसतो गं. हा घे.” कुणी म्हटले याला महत्त्व नाही. त्या दिवशी आमच्यातले कुणीही तेच म्हटले असते.

तिने तो खडू घेतला, पण लावला नाही. दुभाष्याचे काम करणाऱ्या ताईंना कन्नडमध्ये काहीतरी सांगितले आणि कागद पालथा घातला. ताईंनी आम्हाला अर्थ सांगितला. तिचे म्हणणे असे की तो उन्हात काम करत होता ना, मग काळाच झाला असणार, माझे अप्पा झाले आहेत तसा. तिचे वडील गवंडी आहेत.

सकाळचा पाठ त्या चाळीस मुलांत सर्वांत नीट तिने ऐकला होता. प्रभू खरोखर श्रम करणारा माणूस झाला, देहधारी झाला, हे तिला कळले होते आणि तिने ते कागदावर उतरवले होते. आणि आम्ही तिचे बरोबर उत्तर चूक ठरवले.

चौथ्या दिवशी ती आली, कारण धाकट्या भावाला आणायचे होते. खडूला मात्र तिने हात लावला नाही. पाचव्या दिवशीही नाही.

त्या रात्री आम्ही मिळून निर्गमाचा पस्तिसावा अध्याय वाचला. पवित्र शास्त्रात देवाने कुणाला आत्म्याने परिपूर्ण केले असे पहिल्यांदा येते ते अब्राहामाविषयी नाही, मोशेविषयीही नाही. अठ्ठाविसाव्या अध्यायात ते अहरोनाची वस्त्रे शिवणाऱ्यांविषयी येते आणि एकतिसाव्यात बसालेलाविषयी, जो सोने, पितळ, रत्ने आणि लाकूड यांत काम करणारा कारागीर होता. हे आम्ही पूर्वी अनेकदा ऐकले होते, प्रवचनात सांगितलेही होते. पस्तिसाव्यातली एक गोष्ट मात्र नजरेतून सुटली होती. कौशल्य दिल्यावर देव थांबत नाही. बसालेल आणि अहलियाब यांच्या मनात तो शिकवण्याचेही घालतो. म्हणजे शिकवणे हे वेगळे दान आहे. हात चांगला आहे म्हणून शिकवता येईलच असे नाही, आणि हात बेताचा आहे म्हणून येणार नाही असेही नाही. आमच्यात बरी चित्रे काढणारे तिघे होते. शिकवण्याचे दान मागितले होते का, असे कुणीतरी विचारले. कुणी मागितले नव्हते. आम्ही वर्गासाठी प्रार्थना केली होती, हवामानासाठी केली होती, बस वेळेवर मिळावी म्हणूनही केली होती.

सहाव्या दिवशी आम्ही खडूंचे डबे बंद ठेवले. आदल्या संध्याकाळी मुलांना सांगून ठेवले होते की येताना माती आणा. हा मुलूख मातीच्या बाबतीत श्रीमंत आहे. धारवाडच्या अंगाला तांबडी, हुबळी ओलांडून नवलगुंदच्या दिशेने गेले की काळी. मुलांनी डब्यांतून, पिशव्यांतून, एकाने तर चड्डीच्या खिशातून माती आणली. ती फडक्याने चाळली, रात्रभर भिजवलेल्या बाभळीच्या डिंकात कालवली. कोळसा कुटला. हळद आणि पानाच्या दुकानातला चुना आणला. पिवळ्या हळदीत चुना पडला की ती लालभडक होते, हे पाहून जो ओरडा झाला त्याने शेजारच्या आजी बाहेर आल्या. (चुना मुलांच्या हातात देऊ नये, डोळ्यात गेला तर भाजतो. तेवढे काम मोठ्यांनी करावे.) मातीचा रंग उन्हात लवकर वाळतो खरा, पण त्याला पट्टे शोभतात. ज्या उन्हाने आमचे पाण्याचे रंग बिघडवले होते तेच इथे उपयोगी पडले.

पाठ होता उत्पत्तीचा दुसरा अध्याय. देवाने मातीतून माणूस घडवला. इब्री भाषेत माणूस ‘आदाम’ आणि जमीन ‘आदामा’ हे ताईंनी सांगितले आणि प्रत्येकाला आपापल्या घरातल्या एका माणसाचा चेहरा काढायला सांगितले. तांबड्यात काळी किती, काळ्यात हळद किती, ज्याने त्याने आपल्या हाताच्या पाठीवर लावून ठरवावे. चाळीस मुले आणि एकही रंग दुसऱ्यासारखा नाही.

काही मुलांना चित्र नको होते. त्यांनी ओल्या काळ्या मातीचे बैल केले. मण्णेत्तिन अमावास्येला तिकडे घरोघर मातीचे बैल होतात, आपल्याकडे बेंदराला होतात तसे. शिंगे आणि वशिंड यांचे माप त्या पोरांच्या बोटांत होते. आमच्यातल्या कलाशिक्षकाने करून पाहिलेला बैल म्हशीसारखा झाला.

त्या मुलीने चित्र काढले नाही. ती इतरांना कोळसा कुटून देत राहिली. शेवटच्या दिवशी, सगळे आवरत असताना, तिने एक कागद मागितला. भिंतीपाशी उभा असलेला माणूस, हातात थापी, चेहरा जवळजवळ काळा. येशू की अप्पा, हे आम्ही विचारले नाही.

परत आल्यावर एका बंधूंनी विचारले की पण मुलांना चित्र काढता येत नाही म्हणून तर छापील चित्र देतात ना? प्रश्न योग्य आहे. वेळ थोडा असतो, मुले पुष्कळ असतात, शिक्षक दमलेला असतो. छापील चित्र मुलांना गप्प बसवते. तेच आमच्या मते त्याचे वाईट आहे. रेषेच्या आत रंग भरणे हा हाताचा व्यायाम आहे, त्याला आम्ही नाही म्हणत नाही. पण त्या रेषेने येशूचे नाक, केस, झगा सगळे आधीच ठरवून टाकलेले असते, आणि ते नाक सहसा युरोपातून आलेले असते. मुलाने काय ऐकले हे आपल्याला कधीच कळत नाही. त्या मुलीचे आम्हाला कळले, ते तिने आमची शिस्त मोडली म्हणून.

या वाटेने आपल्याआधी एक माणूस गेला आहे. आँजेलो द फोन्सेका, गोव्याचे, जन्म 1902. शांतिनिकेतनात शिकून ते गोव्यात परतले आणि साडी नेसलेली, आपल्याकडच्या बाईसारखी दिसणारी मरिया रंगवू लागले. पुष्कळांना ते रुचले नाही. शेवटी ते पुण्याला आले, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून 1967 मध्ये मरेपर्यंत रंगवत राहिले. आज त्यांची चित्रे आपण आदराने पाहतो. मोठ्या चित्रकाराने हे केले तर आपण त्याला दर्शन म्हणतो, आणि गवंड्याच्या मुलीने केले तर हातात दुसरा खडू देतो.

दुसरा आक्षेप असा की दहा-बारा दिवसांसाठी जाऊन काय होणार. फारसे होत नाही, हे आम्हीही मानतो. म्हणून यंदा तिथेच, त्याच घरी, त्याच कडुनिंबाखाली जायचे ठरवले आहे. नवे गाव घ्यायचे नाही. अहवालासाठी मुलांना रांगेत उभे करून चित्रे धरून काढायचे फोटो या वेळी नाहीत. चित्रे मुलांच्या घरी जातील.

निर्गमाच्या छत्तिसाव्या अध्यायात लोक निवासमंडपासाठी इतके आणू लागतात की कारागीर येऊन मोशेला सांगतात, आता पुरे. मोशे छावणीत दवंडी पिटवतो. आमचीही तीच विनंती आहे. खडू पुरे झाले. कन्नड बोलणारी आणखी दोन माणसे मिळाली तर हवी आहेत, सकाळी सहाला उठणारी. जुने सुती फडके, झाकणाचे डबे, बाभळीचा डिंक चालेल.

आणि चाळीस डबे आलेच आहेत, तर त्यांचे काम रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये आहे. प्रत्येक डब्यातला तो फिकट गुलाबी खडू काढायचा आणि त्यावरचा छापील कागद सोलून परत ठेवायचा. रंग फेकायचा नाही. पेरूच्या आतल्या गराला तो चांगला जमतो.