कंत्राट एकाचे, काम दुसऱ्याचे

कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलने आसनगाव मागे टाकले की आटगाव येते. ज्या तानसा आणि भातसा धरणांच्या पाण्यावर महामुंबई जगते, ती याच शहापूर तालुक्यातली. रेल्वे आहे, नाशिककडे जाणारा महामार्ग आहे, कारखाने आहेत. पण स्थानकापासून आत, डोळखांब-किन्हवलीच्या बाजूला किंवा पलीकडे मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे गेले की चित्र पालटते. पावसाळ्यात रुग्णाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागणारे पाडे आजही या भागात आहेत.

अशा पाड्यावरच्या एखाद्या पक्षाघाताच्या रुग्णाला शासकीय योजनेतून चाकांची खुर्ची मिळाली, असे समजू या. शिबिर झाले, मान्यवरांची भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. दोन महिन्यांनी खुर्चीचे पुढचे चाक निखळले. आता कोणाला सांगायचे? खुर्चीवर नाव आहे ते उत्पादकाचे. तो म्हणणार, आम्ही माल वितरकाला विकला. वितरक म्हणणार, निविदा आमच्या नावावर नाही. निविदा जिंकलेली मुंबईतली किंवा पुण्यातली कंपनी म्हणणार, ठाणे जिल्ह्याचे वाटप आम्ही दुसऱ्या संस्थेकडे सोपवले होते. आणि ती संस्था? तिचे नाव पंचायत समितीच्या कोणत्याही कागदावर असण्याचे कारणच नाही. खुर्चीच्या जागी घरी वापरायचे प्राणवायूचे यंत्र असेल, तर प्रश्न चाकाचा राहत नाही, श्वासाचा होतो.

सार्वजनिक खरेदीत निविदा कशासाठी मागवतात? केवळ कमी दरासाठी नव्हे. बोली लावणाऱ्याचा अनुभव, उलाढाल, परवाने, दुरुस्तीची सोय हे सारे आधी तांत्रिक लिफाफ्यात तपासले जाते आणि त्यात उतरलेल्यांचेच दर उघडले जातात. म्हणजे शासन वस्तूबरोबर एक पात्रताही विकत घेत असते. ज्याने परीक्षा दिली तो बाजूला झाला आणि ज्याने कधी परीक्षाच दिली नाही तो कामावर उभा राहिला, तर त्या पात्रतेचे पैसे पाण्यात गेले. शिवाय मूळ कंत्राटदार आपला वाटा आधी काढून घेतो. सर्वांत कमी म्हणून स्वीकारलेल्या दरातूनच हा वाटा निघणार. मग पोटठेकेदाराने वाचवायचे कशात? चाकाच्या रबरात आणि दुरुस्तीच्या फेऱ्यात.

आपले कायदे याबाबत मुके नाहीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ४० वे कलम सांगते की, वचन देणाऱ्याने स्वतःच काम करावे असा उभयपक्षी हेतू असेल, तर त्यानेच ते केले पाहिजे. इतर बाबतीत सक्षम व्यक्तीकडून करून घेता येते. खर्डा कंपनी विरुद्ध रेमन कंपनी या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेद स्पष्ट केला. करारातील हक्क सामान्यतः दुसऱ्याकडे देता येतात. दायित्व मात्र समोरच्याच्या संमतीशिवाय झटकता येत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या बी-१ निविदा नमुन्यातसुद्धा लेखी परवानगीशिवाय पोटकंत्राट दिल्यास करार रद्द करण्याची आणि अनामत जप्त करण्याची तरतूद आहे. तरतूद आहे, ती वापरण्याची सवय नाही, एवढेच.

ही सवय नसली की काय होते, हे महाराष्ट्राने अंगणवाडीच्या घरपोच आहारात पाहिले. अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला होता. हेतू हा, की गावच्या मुलांचे अन्न गावच्या महिलांनी शिजवावे आणि चार पैसे त्यांच्या हाती पडावेत. प्रत्यक्षात कागदावर महिला संस्था आल्या आणि कारखाने राहिले खासगी व्यावसायिकांचे. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी २०१२ मध्ये हाच आक्षेप अहवालात नोंदवला. तरीही २०१६ ची निविदा अशा अटींसह निघाली की साधा बचत गट दारातच अडावा. अखेर २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द ठरवली. आदेश ते निकाल, मध्ये १४ वर्षांहून अधिक काळ गेला. २००४ साली अंगणवाडीत असलेले मूल एव्हाना महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आले होते.

नेमक्या आपल्या विषयाचा, म्हणजे घरगुती वैद्यकीय साहित्याच्या स्पर्धात्मक कंत्राटांचा, सर्वांत मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेत. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत २००३ च्या कायद्याने प्राणवायूची यंत्रे, चाकांच्या खुर्च्या, रुग्णशय्या, वॉकर यांच्यासाठी बोली पद्धत आणली. १ जुलै २००८ रोजी दहा महानगर परिसरांत ती सुरू झाली आणि दोनच आठवड्यांत अमेरिकी संसदेने ती कंत्राटे गुंडाळली. जिंकलेल्यांपैकी काहींना त्या वस्तूंचा वा त्या भागाचा अनुभवच नव्हता, ही मुख्य तक्रार. १ जानेवारी २०११ पासून नऊ परिसरांत नव्या बोलीने योजना पुन्हा उभी राहिली. त्याआधी २०१० मध्ये १६७ तज्ज्ञांनी, त्यातले बहुतेक अर्थशास्त्रज्ञ, पत्र लिहून बोलीच्या रचनेतले दोष दाखवले होते. बोली बंधनकारक नव्हती आणि दर मधल्या बोलीवरून ठरत होता. मग हवेत दर सांगायला कोणाचे काय जाते! अमेरिकेचे सारे अनुकरणीय आहे असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पण त्यांनी पोटकंत्राटाचा प्रश्न कसा हाताळला, हे पाहण्यासारखे आहे.

त्यांनी बंदी घातली नाही. साहित्याची खरेदी, घरपोच पोहोचवणे, वापर शिकवणे आणि भाड्याच्या यंत्रांची दुरुस्ती ही कामे दुसऱ्याकडून करून घेण्यास मुभा ठेवली. रुग्णाची नोंद घेणे, डॉक्टरांशी समन्वय आणि देयक ही कामे मात्र कंत्राटदाराचीच. पोटठेकेदार नेमला की दहा दिवसांत त्याचे नाव सरकारला कळवायचे, ही अट २००८ च्याच कायद्याने आली. कंत्राट विकण्याचीही सोय नाही. कंपनीची मालकी बदलली तर नव्या मालकाने सर्व निकष स्वतः पूर्ण करायचे आणि जुने सर्व दायित्व स्वीकारणारा नवा करार करायचा. पुढे या योजनेचे काय झाले, तिची कंत्राटे का थांबली आणि किती वस्तूंपुरती उरली, हा वेगळा विषय. असो.

आपल्याकडे काही जण म्हणतील, पोटकंत्राट सरसकट बंद करा. हे ऐकायला बरे वाटते. पण मुंबईची कोणती कंपनी डोळखांबला आपला पगारी माणूस ठेवणार आहे? दुर्गम भागात स्थानिक हात लागणारच, आणि तो हात बहुधा अधिक कामाचा असतो. दोष पोटकंत्राटात नाही, त्याच्या लपवाछपवीत आहे.

दुसरा मार्ग महाराष्ट्राने चोखाळला. डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने वैयक्तिक लाभाच्या योजनांत वस्तूऐवजी रक्कम थेट खात्यात देण्याचे धोरण आले. २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा साहित्यासाठी एकरकमी ३००० रुपये देण्याचे ठरले. मधला ठेकेदार गेला, हे उत्तमच. परंतु आता पाड्यावरच्या आजीने स्वतःच बाजारात जाऊन वस्तू पारखायची, पावती सांभाळायची आणि बिघडल्यास दुकानदाराशी भांडायचे. तीन हजारांत काठी नि पट्टा येतो. प्राणवायूचे यंत्र येत नाही. महागड्या यंत्रांसाठी निविदा राहणारच, आणि बाजारही त्यांच्यासोबत राहणार.

यंत्र घेणे सोपे, चालते ठेवणे कठीण, हे देशाने मोजून पाहिले आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने सरकारी रुग्णालयांतील उपकरणांची मोजणी केली, तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. ही स्थिती जिथे अधीक्षक, परिचारिका आणि नोंदवही आहे तिथली. घरातल्या यंत्राची नोंद कोण घेणार?

या प्रश्नाचे एक साधे उत्तर समाजाने स्वतःपुरते शोधले आहे. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे महाराष्ट्रातील वाचकांना नवी नाहीत. अनामत भरा, खुर्ची वा पलंग घरी न्या, काम झाले की परत करा. तिथे निविदा नसते, पण खुर्ची मोडली तर कोणाचे दार ठोठवायचे हे नेणाऱ्याला ठाऊक असते. सेवाभावी केंद्र राज्याच्या यंत्रणेची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. मात्र ते दार राज्याच्या यंत्रणेत कोठे आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

तेव्हा मागण्या अवघड नाहीत. पोटठेकेदाराचे नाव नेमणुकीच्या वेळीच खरेदी करणाऱ्या खात्याला कळवावे आणि ते यंत्रावर, मराठीत, दूरध्वनी क्रमांकासह चिकटवावे. मूळ कंत्राटदाराची सुरक्षा ठेव हमीचा काळ संपेपर्यंत सुटू नये. पोटठेकेदार पळाला तरी दुरुस्तीचा खर्च त्याच ठेवीतून व्हावा. मजुरांच्या बाबतीत हे तत्त्व आपण केव्हाच मान्य केले होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने वेतन बुडवल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती. मजुराच्या वेतनाला जो न्याय, तो रुग्णाच्या श्वासाला का नाही?

आणि दुरुस्तीसाठी फार लांब जाण्याचेही कारण नाही. चाकांच्या खुर्चीचे चाक, आरे, ब्रेकची तार यांत शहापूरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला न जमणारे काही नसते. त्याचे नाव करारात येऊ द्या आणि प्रत्येक दुरुस्तीचे त्याचे पैसे कंत्राटदाराच्या देयकातून परस्पर त्याच्या खात्यात जाऊ द्या.