भाड्याचा पैसा पाण्यात जातो काय?

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण बदलीच्या नोकरीतील माणसास समजावून सांगावी लागत नाही. तरीही आमच्या मराठी अधिकारीवर्गात एक समजूत वज्रलेप होऊन बसली आहे : भाड्यापायी दिलेला पैसा म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. या समजुतीचा समाचार घेण्याचे आज आम्ही योजिले आहे.

उदाहरण मझौलीचेच घेऊ. विष्णुवराहाच्या प्राचीन मूर्तीमुळे नावाजलेले हे जबलपूर जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. येथे नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याची कन्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी जबलपुरास जावयाची ठरली, की घरात खल सुरू होतो. १९५६ साली स्थापन झालेले आणि १९८३ पासून राणी दुर्गावतीचे नाव धारण करणारे विद्यापीठ पचपेढीस आहे. वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास विद्यापीठापासून पायी जाण्याच्या अंतरावर निजण्याची एक खोली, बैठक आणि स्वयंपाकघर एवढे बिऱ्हाड पाहावे, असे कन्या सुचविते. तीर्थरूप म्हणतात, "एवढ्या भाड्यात गावाबाहेर याच्या दुप्पट जागा मिळेल. त्यापेक्षा हप्ते भरून तिकडे सदनिकाच घेऊ."

आम्ही विचारतो, ही दुप्पट जागा कोणास हवी आहे? विद्यार्थिनीस हवे आहे ते ग्रंथालय, आणि दिवे लागल्यावर तेथून निर्धास्तपणे चालत घरी येण्याची सोय. दूरच्या घरी राहणारी मुलगी सायंकाळचे व्याख्यान अर्धे टाकून रिक्षा शोधावयास धावते. वडिलांनी वाचविलेले भाडे ती रोज आपल्या अभ्यासातून भरीत असते. घरच्या जमाखर्चात ही रक्कम दिसत नाही, एवढेच. विकत घेतलेल्या सदनिकेविषयी तर बोलावयासच नको. कन्येचे शिक्षण दोन वर्षांत संपते, वडिलांचीही बदली होते. व्याज मात्र वीस वर्षे संपत नाही.

आता थोडे कटू बोलतो. आमच्यापैकी कित्येकांची पुण्यास वा नागपुरास एक सदनिका असते. निवृत्तीच्या प्रतीक्षेत ती कुलुपात तरी असते, नाही तर भाड्याने दिलेली असते, आणि देताना आमची अट असते, "एकट्या मुली नकोत." जबलपूरच्या घरमालकाने हेच शब्द उच्चारले, की मात्र आम्हांस परप्रांताचा जाच आठवतो! आमची कन्या तेवढी कन्या, आणि दुसऱ्याची ती नसती जोखीम?

केंद्र सरकारने २०२१ साली संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि मालकाने चोवीस तास आधी सूचना दिल्यावाचून भाडेकरूच्या घरात शिरू नये, अशी तरतूद आहे. तो अमलात आणणे राज्यांच्या हाती आहे, हे खरे. परंतु आपल्या स्वतःच्या सदनिकेपुरते हे दोन नियम पाळावयास कोणत्या विधानसभेची अनुमती लागते?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, पचपेढीचे लहान बिऱ्हाड घ्यावे, भाडे आनंदाने द्यावे, आणि पुण्याच्या सदनिकेचे कुलूप काढून ती एखाद्या परगावच्या विद्यार्थिनीस द्यावी. भाड्याने राहणे ज्यास कमीपणाचे वाटते, त्याने बदलीची नोकरी तरी का पत्करावी?