काट्यावर निर्देशित वेगच हवा

नवी मुंबई विमानतळावरून २०२५च्या डिसेंबरात उड्डाणे सुरू झाली आणि रोडपाली-कळंबोलीत विमानांची चर्चा रोजची झाली. त्यात एक आक्षेप हटकून येतो. ३५ हजार फुटांवर विमान हवेतून सुमारे ४५० नॉटने जात असते आणि वैमानिकासमोरची मुख्य वेगपट्टी २७०च्या आसपास दाखवते. संगणक खरा वेग क्षणात काढतो, मग हा कमी आकडा कशाला?

कारण पंखाला तोच आकडा कळतो. पंखाची उचल हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरते, आणि समोरून येणारी हवा झेलणाऱ्या पिटो नळीतून वेगामुळे वाढलेला जो दाब कळतो, तोही त्याच गुणाकाराचा. वेगपट्टीवरचा आकडा, म्हणजे निर्देशित वेग, येतो तो या दाबावरून. एखादे विमान ठरावीक वजनाला १३० नॉटने उतरत असेल, तर उलव्याच्या खाडीकाठी, समुद्रसपाटीपासून ५९२ मीटरवरच्या पुण्यात आणि ३,२५६ मीटरवरच्या लेहलाही काट्यावर १३०च हवेत. खरा वेग मात्र पुण्यात चाळीस अंशांच्या दुपारी १४० होतो, लेहला वीस अंशांत १६०. तोच समोर ठेवला, तर वैमानिकाने प्रत्येक धावपट्टीसाठी आणि प्रत्येक तापमानासाठी नवा आकडा धरायचा.

यावर उत्तर येते की सुरक्षित मर्यादाही संगणकच बदलून दाखवील. दाखवीलही. पण जो आकडा स्थिर राहू शकतो तो आधी हलता करायचा आणि मग त्यामागे मर्यादा पळवायची, यात वैमानिकाचे काय भले? शिवाय खरा वेग काढायला तापमानाचे मापही लागते, म्हणजे बिघडू शकणारा आणखी एक दुवा. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाच्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले आणि पुढे विमान कोसळले. त्या अपघातात २२८ माणसे गेली. हा दाखला निर्देशित वेगाविरुद्ध देणे चूक आहे. खरा वेगही त्याच नळ्यांच्या मापावरून निघतो.

मार्ग आणि इंधनाच्या हिशेबाला खरा वेग लागतोच. त्यासाठी दिशादर्शक पडद्याचा कोपरा पुरे. फार उंचीवर मॅक आकडाही, म्हणजे ध्वनीच्या वेगाशी असलेले गुणोत्तर, हवा, आणि तो दिलेला असतो.

मला जास्त काळजी बारामती-गोंदियात विमान चालवायला शिकणाऱ्या मुलामुलींची वाटते. जीपीएसचा पडदा जमिनीवरचा वेग ठळक दाखवतो. उतरण्याआधीच्या वळणावर वारा पाठीशी आला की तो फुगतो, शिकाऊ हात नकळत वेग कमी करतो आणि विमान जमिनीजवळ स्टॉलच्या, म्हणजे पंखाची उचल ढासळण्याच्या, उंबरठ्यावर येते. प्रशिक्षकांनी त्या टप्प्यावर तो आकडा झाकूनच ठेवायला लावावा.